पांढऱ्या गाडीवरचं डांबर : घासू नका, विरघळवा

मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडने रोज ये-जा करणारी कुठलीही पांढरी गाडी जरा वाकून बघा. चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या कडेला, मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर तिळाएवढे, मोहरीएवढे काळे ठिपके दिसतील. राखाडी गाडीवरही ते तेवढेच असतात, फक्त तिथे कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. गाडी धुतली, ठिपके जागच्या जागी. शॅम्पू लावला, तरी जागच्या जागी. मग रविवारी सकाळी कोणी नखाने खरवडायला घेतं, कोणी स्वयंपाकघरातली हिरवी घासणी आणतं. ठिपका जातो खरा, पण तिथे एक धुरकट चट्टा उरतो आणि तो मग धुऊन जात नाही.

डांबराने गाडीचा रंग खाल्ला, अशी तक्रार सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेहमी ऐकू येते. जरा खोलात गेलं की बहुतेक वेळा असं निघतं, की डांबर बिचारं नुसतं बसलं होतं. रंग खाल्ला तो काढणाऱ्याच्या हाताने. म्हणून आधी डांबर येतं कुठून आणि बसतं कशावर ते बघू. काढायची रीत त्यातूनच कळते.

रस्ता गाडीवर चढतो कसा

रिफायनरीत कच्चं तेल तापवलं की त्यातले हलके भाग वाफ होऊन वर जातात : पेट्रोल, रॉकेल, डिझेल. ज्याची वाफ होत नाही तो जड, चिकट गाळ तळाला राहतो. रस्त्याचं डांबर तयार होतं ते या गाळातून. पेट्रोल-रॉकेलशी असलेलं हे भाऊबंदकीचं नातं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भारतात रस्त्याच्या डांबराची प्रतवारी त्याच्या दाटपणावरून होते : व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड). आकडा वाढेल तसं डांबर घट्ट. यातलं व्हीजी-३० सर्रास वापरलं जातं आणि भारतीय मानकाप्रमाणे त्याचा मऊ पडण्याचा बिंदू किमान ४७ अंश सेल्सियस असावा लागतो. ठाण्यात हवा काही ४७ अंशांपर्यंत तापत नाही, मग काळजी कसली? काळजी अशी, की रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हवेत ३७-३८ अंश असताना भर दुपारचा काळा रस्ता ६० च्याही वर जाऊ शकतो. माजिवड्याच्या सिग्नलला तुम्ही एसी लावून बसलेले असता, तेव्हा टायरखालचं डांबर पाघळायच्या बेतात असतं. जुन्या रस्त्यातलं डांबर ऊन-हवा खाऊन कडक झालेलं असतं, ते सहसा हलत नाही. रस्ता नवा असला, किंवा डांबर जास्त पडून वर तरंगून आलेलं असलं, की मात्र टायर ते उचलतो. त्यात पावसाळ्याआधी डांबरीकरण उरकायची सगळ्यांची घाई एप्रिल-मेमध्येच असते. सर्वांत नवा रस्ता आणि सर्वांत कडक ऊन आपल्याला एकदमच भेटतात.

टायरने उचललेलं डांबर वेगात सुटून मागे आणि वर उडतं. पुढच्या चाकाचं पुढच्या दाराखाली, मागच्या चाकाचं बंपरवर. हॅचबॅक आणि एसयूव्हीची पाठ सरळ कापलेली असते. धावताना त्या पाठीमागे हवेचा भोवरा फिरत राहतो आणि धूळ, चिखल, डांबराचे कण उचलून डिकीच्या दारावर आणून टाकतो. शेजारची सेडान तेवढाच रस्ता कापूनही मागून स्वच्छ दिसते ती यामुळे, तिचा मालक फार टापटिपीचा असतो म्हणून नव्हे.

नव्या रस्त्यापेक्षाही जास्त जपायला हवं ते रस्त्याच्या तयारीला. नवा थर घालण्याआधी जुन्या रस्त्यावर एक पातळ चिकट फवारा मारतात, त्याला टॅक कोट म्हणतात. हे सहसा इमल्शन असतं, म्हणजे पाण्यात अगदी बारीक थेंबांनी मिसळलेलं डांबर. फवारल्या फवारल्या त्याचा रंग चॉकलेटी असतो. डांबर आणि पाणी वेगळं झालं की ते काळं पडतं. चॉकलेटी आहे तोवर ते पाण्याने धुतलं जातं. काळं पडल्यावर पाण्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा रस्त्यावर ओली चॉकलेटी चकाकी दिसली आणि बॅरिकेड नसला, तरी वाट वाकडी करून जा. जावंच लागलं तर अगदी सावकाश जा, आणि जवळ वॉशिंग सेंटर असेल तर तडक तिथे गाठून चाकांच्या कमानींत आणि दारांखाली फवारा मारून घ्या. घरी जाऊन, चहा पिऊन, मग बघू म्हणालात तर वेळ गेलेली असते.

पाऊस पडायला लागल्यावर हा त्रास थांबायला हवा, पण थांबत नाही. आपली खडी बेसाल्टची, सह्याद्रीच्याच काळ्या दगडाची. दगडाला डांबरापेक्षा पाणी जवळचं वाटतं. फटीतून पाणी शिरलं की ते डांबराला दगडावरून सोडवतं. खडी सुटी होते, खड्डा पडतो, आणि डांबर लागलेली ती बारीक खडी टायर मागच्या गाडीवर फेकतो. खड्डे बुजवताना कधी मास्टिक वापरतात, कधी कोल्ड मिक्स. मास्टिक जागेवरच तापवून दोनशे अंशांच्या घरात ओततात, ते निवलं की चांगलं घट्ट होतं. कोल्ड मिक्स थंडच पसरवायचं असल्याने मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, त्यामुळे पहिले काही दिवस ते टायरला लागून येतं. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटातून पावसाळ्यात जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नवी मुंबईकर यात थोडे सुखी. सायन-पनवेल महामार्गाचा मोठा भाग काँक्रिटचा आहे, तिथे डांबराचा प्रश्न कमी. पाम बीच रोडवर आलात की पुन्हा डांबर आहेच.

पांढऱ्याच्या वर काय असतं

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांच्या वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. गाडीची सगळी चमक या केसाहून पातळ प्लॅस्टिकसारख्या थरात आहे. रंग फिका पडू नये म्हणून ऊन अडवायचं कामही तोच करतो.

पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीमुळे. (टायटॅनियमचं एक मुख्य खनिज इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते सापडतं. काळ्या वाळूतून पांढरा रंग, अशी ही गंमत.) ही भुकटी प्रकाश इतका विखुरते की उथळ ओरखडे पांढऱ्या गाडीवर चटकन दिसत नाहीत. काळ्या गाडीच्या बोनेटवर उन्हात जी गोल गोल जाळी दिसते, ती पांढऱ्यावरही असते. नजरेत भरत नाही इतकंच. पांढरी गाडीवाले म्हणूनच घासायला घाबरत नाहीत. आणि मग तीन-चार वर्षांनी गाडी "मेल्यासारखी" दिसायला लागली, की वॉशिंगवाल्याला बोल लावतात.

काही जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांवर आणि टेम्पोंवर वेगळा क्लिअर कोट नसतोच. ओळखायचं असेल तर कोपऱ्यात थोडं पॉलिश चोळा. फडक्यावर पांढरं आलं, तर तुम्ही थेट रंगालाच हात घातलाय.

आता या थरावर रस्त्याची धूळ घासली जाते तेव्हा काय होतं ते बघा. आपल्याकडची धूळ म्हणजे मातीपेक्षा दगडाची पूडच जास्त : बेसाल्टचा चुरा, वाळू, बांधकामांचं सिमेंट. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापावर (दगडांचा कठीणपणा मोजायचं माप, हिरा त्यात सगळ्यांत वर, १०) ७, लोखंडी खिळ्याच्या वर. क्लिअर कोट त्यापुढे लोण्यासारखा मऊ म्हटला तरी चालेल. ठिपका घासताना तुम्ही एकटं डांबर घासत नसता. डांबरात रुतून बसलेली ही दगडपूडही त्याच्यासोबत फिरत असते.

पाणी का चालत नाही

फणस कापायला बसणारी कोकणातली बाई आधी हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोपडते. चीक लागलाच तर तो पाण्याने जात नाही, तेलानेच जातो, हे तिला कोणी रसायनशास्त्रात शिकवलेलं नसतं. डांबराचंही हेच. डांबर हायड्रोकार्बनचं बनलेलं असतं. त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंशी मिसळत नाहीत. गाडीचा शॅम्पू पातळ तेलकटपणा उचलतो, पण गोठलेल्या डांबराच्या गोळीत शिरण्याची ताकद त्यात नसते. शिरतात ते डांबराचेच हलके भाऊबंद : रॉकेल, डिझेल, पेट्रोल, टर्पेंटाइन.

म्हणून यातलं काहीही उचलून लावायचं का? नाही. पेट्रोल सगळ्यांत जलद काम करतं आणि मी ते सगळ्यांच्या शेवटी ठेवेन, खरं तर ठेवणारच नाही. त्याची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या इमारतींमध्ये आपण गाड्या लावतो त्या पोडियमखाली किंवा तळघरात. तिथे वारा नसतो आणि वायरिंग भरपूर असतं. शिवाय पेट्रोल इतक्या लवकर उडून जातं की डांबराला भिजायला वेळच मिळत नाही, मग आपण जोर लावतो.

रॉकेल सावकाश चालतं आणि मागे तेलकट थर ठेवतं, पण रंगाला सोसतं. अर्थात रेशनचं रॉकेल आता शहरात विसराच. हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंट पातळ करायला जे टर्पेंटाइन मिळतं, ते त्याच जातीचं, तेही चालतं. डब्ल्यूडी-४० हे मुळात ओल हटवण्यासाठी १९५३ साली बनवलेलं. त्यातही पेट्रोलियमपासूनचं द्रावकच मुख्य असल्याने डांबरावर ते बऱ्यापैकी लागू पडतं. टार रिमूव्हर म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांतही जवळपास हाच कारभार असतो; फरक असा की रंगाला इजा होऊ नये याचा त्यात विचार केलेला असतो. ठिपके थोडे असतील तर खोबरेल तेलानेही भागतं. तेल लावून अर्धा तास सोडायचं आणि मग पुसायचं. वेळ लागतो, पण घरातल्या कोणालाही करू देण्यासारखा हा एकच उपाय.

थिनर मात्र दूर ठेवा, आणि नेलपॉलिश रिमूव्हरही. कळव्यापासून वागळे इस्टेटपर्यंत कुठल्याही डेंटर-पेंटरकडे थिनरचा डबा हाताशीच असतो.

"साहेब, थिनरचं फडकं मारतो, दोन मिनिटांत साफ."

"नको मामा, तो बंपर मागच्या वर्षीच रंगवलाय."

"मग राहू द्या. तो रंग निघून येईल."

मामांचं बरोबर आहे आणि त्यामागे कारण आहे. कारखान्यात रंग नुसत्या सांगाड्यावर मारतात आणि १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांत घट्ट गुंफले जातात. तयार गाडी एवढी तापवली तर तिचं प्लॅस्टिक, रबर, वायरिंग वितळेल. म्हणून वर्कशॉपमध्ये ६० अंशांच्या आसपास, किंवा नुसत्या उन्हा-हवेत रंग वाळवतात. तो तेवढा पक्का होत नाही. थिनरमधली तिखट द्रावकं मूळ रंगाला एखादवेळ सोसतील, पण टचअप केलेल्या भागाला ती सोलून काढतात. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर कुठला भाग कधी रंगवलाय हे आपल्याला माहीत नसतं, हेही लक्षात घ्या.

हात कसा चालवायचा

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर द्रावक लगेच उडतं. आधी गाडी भरपूर पाण्याने आणि शॅम्पूने धुऊन घ्यायची, म्हणजे सुटी दगडपूड निघून जाते. मग पाणी टिपून कोरडी करायची. हे टाळून थेट डांबराला हात घालणारे बरेच असतात, आणि ओरखडे पडतात ते तिथेच.

खात्री करायला कान साफ करायचा कापसाचा एक इअरबड घ्या. तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठिपक्यावर ठेवा, दहा-पंधरा सेकंद. कापसाला तपकिरी रंग धरला तर डांबर. काहीच झालं नाही तर तो ठिपका दुसऱ्या कशाचा तरी आहे, कदाचित खडी लागून उडालेल्या रंगाचा खड्डाही असेल.

ठिपका डांबराचाच ठरला तर मायक्रोफायबरच्या फडक्याचा तुकडा किंवा कापूस द्रावकात भिजवून पिळा आणि ठिपक्यांवर नुसता चिकटवून ठेवा. एक-दोन मिनिटं. हात लावायचा नाही. या वेळात डांबर फुगतं, कडा सोडतं आणि मेणासारखं मऊ होतं. मग फडकं हलकेच दाबून एकाच दिशेला ओढायचं, आणि घडी बदलायची. गोल गोल फिरवायचं नाही, तीच बाजू पुन्हा टेकवायची नाही.

इथे बहुतेक जण घाबरतात. ठिपका काळा होता, आणि फडकं ओढल्यावर पांढऱ्या दारावर लांबलचक तपकिरी, पिवळसर ओघळ पसरतो. आधीपेक्षा भयंकर दिसतो. "रंग निघाला!" म्हणून लोक पाण्याचा पाइप सोडतात किंवा जोरात पुसायला लागतात. घाबरू नका. डांबर जाड असतं तेव्हा काळं दिसतं, पातळ पसरलं की तपकिरी. तो ओघळ म्हणजे काम झाल्याची खूण आहे. स्वच्छ घडीवर थोडं ताजं द्रावक घेऊन तो उचलायचा, मग आणखी एका स्वच्छ घडीने. ठिपका जुना असेल तर दोन-तीन फेऱ्या लागतात, कारण महिनोन् महिने ऊन खाल्लेलं डांबर कडक झालेलं असतं. जोर वाढवू नका, भिजवायचा वेळ वाढवा.

द्रावक रबरापासून लांब ठेवा. दारांच्या कडेचं रबर तेलाने फुगतं, मग दार नीट बसत नाही. हेडलाइट आणि टेललाइटच्या काचा म्हणजे प्लॅस्टिक. त्यांना पेट्रोल-थिनरने बारीक चिरा जातात. न रंगवलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर डाग उतरतो. आणि शेवटी पुन्हा एकदा शॅम्पूने धुणं आलंच, कारण मागे राहिलेल्या तेलकट थरावर घोडबंदरची धूळ तासाभरात येऊन बसेल. द्रावकाने तिथलं वॅक्सही उतरलेलं असतं, तेवढ्या भागाला ते पुन्हा लावायचं.

सगळं काळं ते डांबर नव्हे

आणि सगळं डांबरही काळं दिसत नाही, पण ते सोडू. पांढऱ्या गाडीवर डांबराखालोखाल छळ होतो तो नारिंगी ठिपक्यांचा. टाचणीच्या टोकाएवढे, विशेषतः पावसाळ्यानंतर, बोनेटवर आणि डिकीवर. लोकांना वाटतं पत्रा गंजला. पत्रा आतून गंजला तर रंग फुगतो, फोड येतो. हे ठिपके बाहेरून आलेल्या लोखंडाचे असतात : ब्रेकमधून, रेल्वेच्या चाकांतून आणि रुळांतून, वेल्डिंग-ग्राइंडिंगमधून उडालेले गरम कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. रुळांलगत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आसपास गाडी लावणाऱ्यांना हे हमखास होतं. यावर टर्पेंटाइन ओतून काही होणार नाही, ते लोखंड आहे. आयर्न रिमूव्हर मिळतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळून जांभळं होतं आणि पाण्यासोबत वाहून जातं. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरताना बघणं हा या सगळ्या उद्योगातला एकमेव करमणुकीचा भाग. वास मात्र सडक्या अंड्यांचा. पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्या औषधाचाच हा जातभाई.

सिमेंटचं प्रकरण यापेक्षा गंभीर. मेट्रोचे खांब, उंच इमारती, काँक्रिटचे मिक्सर ट्रक यांच्यामधून गाडी काढताना एखादा राखाडी थेंब पडला, तर तो वाळायची वाट बघू नका. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्याचा पीएच १२ च्या वर. ते वाळून कडक होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन दगड बनतं. म्हणून नंतर पाण्याने सुटत नाही. ओलं असताना नुसत्या पाण्याने जातं. घट्ट झालं तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस त्यावर ठेवून, भुगा होऊ लागला की धुऊन टाकायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा. बाथरूमचं ॲसिड वापरायचा मोह होतो. त्याने अलॉय व्हील आणि क्रोमची पट्टी जाते.

पक्ष्यांची घाण उन्हात क्लिअर कोट कोरते, ती त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून उचलावी. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावली की काचेवर चिकट तुषार दिसतात. तो बहुधा झाडाचा रस नसतो, झाडावरच्या किड्यांनी टाकलेला गोडसर द्रव असतो आणि कोमट पाण्याने जातो. गणपतीतला गुलाल आणि होळीचे रंग पांढऱ्या गाडीवर कोरडे असतानाच झटकावेत. ओल्या फडक्याने पुसले की गाडी गुलाबी झालीच म्हणून समजा.

पांढरट गोल डाग पडत असतील तर पाणी कुठून येतं ते बघा. धरणाचं पाणी मवाळ असतं; नवी मुंबईला ते मोरब्यातून मिळतं. टँकर आणि बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाणी जड असण्याची शक्यता जास्त. जड पाणी पत्र्यावर सुकलं की क्षार मागे राहतात. पाणी सुकू न देता टिपून घेणं, यापेक्षा वेगळा उपाय नाही.

आधीची तजवीज

सोसायटीत सकाळी सहा वाजता गाड्या पुसायला येणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यात कितीतरी गाड्या उरकतो. त्याचा दोष नाही, तेवढ्या पैशांत तेवढंच होणार. पण आधीच्या सगळ्या गाड्यांची दगडपूड त्या फडक्यातून तुमच्या गाडीवर फिरते. त्याला दोन मायक्रोफायबर फडकी आणून द्या. "दादा, ही फक्त आमच्या गाडीला, आणि पुसण्याआधी मग्गाभर पाणी वरून सोड" एवढं सांगितलं की बरंच काम होतं. पाणीटंचाईत रोज गाडी धुवायची गरज नाही, आणि रोज कोरडी पुसायची तर अजिबात नाही.

वॅक्स म्हणजे फणस कापण्याआधी हाताला लावलेलं तेल. दोन-तीन महिन्यांतून एकदा दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरवर लावून ठेवलं की डांबर त्या थरावर बसतं, रंगावर नाही, आणि निम्म्या वेळात निघतं. संपूर्ण गाडीला लावायचा उत्साह नसेल तर नका लावू, हा खालचा पट्टा पुरे.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक थराबद्दल, विक्रेते फार रंगवून सांगतात. "नाइन एच कडकपणा" ऐकून हिऱ्याच्या खालोखालचं काही मिळतंय असं वाटतं. तो आकडा पेन्सिलीच्या शिशांच्या मापावरचा आहे, दगडांच्या नव्हे. कोटिंग असलं तरी डांबर चिकटतंच. सुटतं लवकर, हे खरं. पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म खडीच्या माऱ्यापासून खरोखर वाचवते, पण पांढऱ्या गाडीला स्वस्तातली फिल्म लावू नका. हलकी फिल्म उन्हाने पिवळी पडते आणि पांढऱ्यावर ते पहिल्या नजरेत दिसतं. माझ्या मते मडफ्लॅप, म्हणजे चाकांमागचे चिखल अडवणारे पडदे, या दोन्हींपेक्षा स्वस्त आणि डांबराच्या बाबतीत जास्त कामाचे. कंपनीने दिले नसतील तर चारही चाकांना बसवून घ्या.

वॉशिंग सेंटरवर डांबराच्या ठिपक्यांसाठी "फुल बॉडी रबिंग" सुचवलं गेलं तर नको म्हणा. रबिंग म्हणजे क्लिअर कोट घासून पातळ करणं. ठिपके दहा टक्के भागावर आहेत, त्यासाठी शंभर टक्के भाग कशाला झिजवायचा? आधी टार रिमूव्हर, मग आयर्न रिमूव्हर, आणि तरीही काही उरलं तर तेवढ्याच जागी क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी), हा क्रम धरायला सांगा. उरलंय का ते कळायला धुतलेल्या गाडीवरून हात फिरवा, पण हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून. उघड्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. एकेक कण मोजता येईल इतका.

द्रावक लावलेली फडकी गोळा करून डिकीत किंवा मीटर रूमच्या कोपऱ्यात टाकू नका. उघड्या हवेत पसरून वाळू द्या आणि मग सुक्या कचऱ्यात टाका. उरलेलं टर्पेंटाइन पार्किंगच्या नालीत ओतू नका, बाटलीत झाकून ठेवा, पुढच्या मेमध्ये लागेलच. आणि ती फडकी धुवायला घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकलीत, तर पुढचं घरच्यांनाच विचारा.